मातीच्या पापुद्र्यात रंग कसा बसतो? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात या सदरात एक छोटी टीप होती, की काही खनिजं मुळातच थराथरांची असतात, ते थर पाण्यात सुटे करून काचेवर परत पातळ फिल्म म्हणून रचता येतात आणि त्या थरांच्या मधे प्रकाश शोषणारे किंवा चमकणारे रेणू बसवता येतात. एवढ्याशा टिपेवर इतकी पत्रं आली की हा पूर्ण अंक त्यालाच देतोय. फौंड्रीवाले, शाळेतले सर, शेतकरी सगळ्यांनी लिहिलंय, फार बरं वाटलं.

प्रश्न : सर नमस्कार, मी कोल्हापूरजवळ एका फौंड्रीच्या सँड लॅबला आहे, म्हणजे ओतकामाच्या साच्याची वाळू तपासतो. रोज मिथिलीन ब्ल्यू या निळ्या डायची (रंगाची) टेस्ट करतो, थोडं थोडं सोल्युशन घालत जायचं, फिल्टर पेपरवर थेंब टाकायचा आणि डागाभोवती निळसर हॅलो, म्हणजे कडं, आला की थांबायचं. शिकवलंय तसं करतो पण आत नक्की काय होतं ते कुणी सांगितलं नाही. दुसरं म्हणजे नवीन बेंटोनाइटचा, म्हणजे सँड बांधायला घालतो त्या मातीचा, लॉट चेक करताना गाळ निळा न दिसता जांभळट दिसतो, डायमध्ये भेसळ असते का? — एक वाचक, कोल्हापूर

दादा, तुमचं पत्र सगळ्यात वर घेतलंय कारण तुम्ही रोज हातानं जे करता तेच या सगळ्या विषयाचं मूळ आहे, लेझर आणि स्पेक्ट्रोमीटर (कुठला प्रकाश किती शोषला ते मोजायचं यंत्र) लावून लोक त्याच्याच मागे लागलेले असतात.

बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट, फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलाँ गावावरून १८४७ साली हे नाव पडलं. आपल्याकडे फौंड्रीला लागणारा बराचसा माल कच्छकडून येतो, आणि आपली काळी कापसाची माती जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते तीही याच घराण्यातल्या खनिजामुळे. याचा एक थर जेमतेम १ नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, पण आडवा शेकडो नॅनोमीटर पसरलेला. थराच्या आत सिलिका, मधे अॅल्युमिना आणि परत सिलिका अशी रचना असते. आता खनिज तयार होतानाच मधल्या अॅल्युमिनियमच्या काही जागांवर मॅग्नेशियम येऊन बसतं, अॅल्युमिनियमवर तीन धन चार्ज असतात आणि मॅग्नेशियमवर दोनच, त्यामुळे अशा प्रत्येक जागी थराला एक ऋण चार्ज उरतो. तो भागवायला दोन थरांच्या मधे सोडियम किंवा कॅल्शियम पाण्यासकट येऊन राहतं, पण ते घट्ट बांधलेलं नसतं, त्याच्यापेक्षा जास्त ओढीनं चिकटणारं कुणी आलं की जागा सोडतं.

मिथिलीन ब्ल्यूचा रेणू धन चार्जचा आणि सपाट असतो. तुम्ही सोल्युशन घालता तेव्हा तो सोडियमला हटवून थरावर आडवा पडतो आणि काही केल्या सुटत नाही. जोपर्यंत मातीत जागा शिल्लक आहे तोपर्यंत घातलेला सगळा डाय मातीच ओढून घेते, म्हणून पेपरवर मधे गडद डाग आणि भोवती पसरलेलं पाणी स्वच्छ. जागा भरल्या की पुढचा डाय मोकळा राहतो, तो पाण्याबरोबर पेपरवर पसरतो आणि तुम्हाला हॅलो दिसतो. म्हणजे तुम्ही जे मिलिलिटर वहीत लिहिता ती मातीतल्या चार्जच्या जागांची मोजणी आहे. लिटरला ३.७४ ग्रॅमचं सोल्युशन पण उगाच ठरलेलं नाही, ते ०.०१ नॉर्मल होतं, म्हणून प्रत्येक मिलिलिटरमागे ०.०१ मिलिइक्विव्हॅलंट (चार्ज मोजायचं एकक) असा सरळ हिशेब बसतो. चांगल्या बेंटोनाइटमध्ये १०० ग्रॅमला साधारण ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट जागा असतात. आणि मोल्डमध्ये तापलेलं लोखंड ओतलं की धातूला लागून असलेल्या सँडमधल्या मातीच्या थरांतले हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, निघून जातात, थर एकमेकांवर बसतात ते परत पाण्यानं उघडत नाहीत, डाय आत जाऊ शकत नाही. तीच तुमची डेड क्ले. वजनानं ती माती असते पण टेस्टमध्ये धरली जात नाही, म्हणूनच ही टेस्ट नुसती क्ले नाही तर ॲक्टिव्ह क्ले सांगते.

आता जांभळ्या रंगाचं. डायमध्ये भेसळ नाही, निर्धास्त राहा. मिथिलीन ब्ल्यूचा एकटा रेणू पाण्यात असताना ६६४ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतो म्हणून आपल्याला निळा दिसतो. दोन रेणू एकावर एक आले की हे शोषण सरकून ६१० च्या जवळ येतं, आणि मातीवर बरेच रेणू दाटीनं एकमेकांवर रचले गेले की ५७० पर्यंत उतरतं, म्हणजे आता पिवळा प्रकाश शोषला जातोय आणि डोळ्याला जांभळं दिसतंय. रेणू तोच, फक्त शेजारी किती आणि किती जवळ यावर रंग बदलला. थरावर चार्ज दाट असेल तर रेणूंना दाटीनं बसावं लागतं, विरळ असेल तर ते सुटे सुटे बसतात आणि निळे राहतात. स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाचे युराय बुयदाक यांनी यावर कित्येक वर्षं काम केलंय, डायचा स्पेक्ट्रम (कुठला प्रकाश किती शोषतो त्याचा आलेख) बघून मातीच्या थरावरचा चार्ज किती दाट आहे याचा अंदाज घ्यायचा. तुम्हाला कधी निवांत वेळ मिळाला तर दोन वेगळ्या ठिकाणचे बेंटोनाइट घ्या, दोन्हीत अगदी थोडा सारखाच डाय घाला आणि शेजारी शेजारी ठेवून छटा बघा, लगेच आणि मग दुसऱ्या दिवशी, कारण रेणू थरावर हळूहळू जागा बदलतात आणि छटाही सरकते. रिपोर्टला मात्र आपली नेहमीची टेस्टच धरा.

प्रश्न : माती पावडर स्वरूपात स्वस्तात मिळते आणि रंगही तिच्यात बसतो, मग फिल्म करायचा खटाटोप कशाला? आणि एक नॅनोमीटरचे थर काचेवर रचतात तरी कसे? — इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, पुणे

खटाटोप प्रकाशासाठी आहे. पावडरीत कण वाटेल तसे पडलेले असतात, प्रकाश आत शिरला की इकडे तिकडे विखुरतो, त्यातून रंगाच्या रेणूनं काय केलं ते वेगळं काढता येत नाही. पावडर म्हणजे जमिनीवर उधळलेले पत्ते आणि फिल्म म्हणजे तेच पत्ते नीट लावून ठेवलेला कॅट. फिल्म पारदर्शक असते, सगळे थर काचेला समांतर, म्हणजे थरावर रेणू आडवा आहे की तिरका आहे ते पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश वेगवेगळ्या कोनातून टाकून मोजता येतं. पावडरीत ही माहिती सरासरीत बुडून जाते.

करायच्या पद्धती तीन चार आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे मातीचं पातळ पाणी काचेवर ओतून वाळू द्यायचं, थर आपोआप आडवे पडतात. यासाठी लॅपोनाइट नावाची कृत्रिम माती फार वापरतात कारण तिच्या चकत्या फक्त २५ नॅनोमीटर व्यासाच्या असतात आणि पाण्यात टाकली तर पाणी काचेसारखं स्वच्छ राहतं. रंग आणि कॉस्मेटिक्सच्या धंद्यात घट्टपणा आणायला हीच घालतात. दुसरी पद्धत थरावर थर. काच जरा ऋण असते, ती धन चार्जच्या पॉलिमरमध्ये बुडवायची, धुवायची, मग मातीच्या पाण्यात बुडवायची, धुवायची, परत पॉलिमर किंवा धन चार्जचा रंग, असं हवं तितक्यांदा. प्रत्येक फेरीला जाडी काही नॅनोमीटरनं वाढते. कणांचे असे थर चढवण्याचं काम इलर यांनी १९६६ साली दाखवलं होतं, पॉलिमरचं रूप १९९१ मध्ये गेरो डेशर यांनी पुढे आणलं आणि १९९४ मध्ये क्लाइनफेल्ड आणि फर्ग्युसन यांनी त्यात मातीचे थर घातले. कुठलंही महागडं यंत्र नाही, दोन चंबू आणि भरपूर डिस्टिल्ड पाणी, मला या पद्धतीचं म्हणूनच फार अप्रूप आहे, आपल्याकडच्या साध्या कॉलेजच्या लॅबमध्येही ती होते.

तिसरी लँगम्युर-ब्लॉजेट. अर्विंग लँगम्युर आणि कॅथरीन ब्लॉजेट हे दोघे जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते, ब्लॉजेट बाईंनी १९३८ मध्ये याच तंत्रानं चमक न मारणारी काच केली. मातीसाठी ती अशी वापरतात, एका उथळ ट्रफमध्ये मातीचं अगदी विरळ पाणी घ्यायचं, वर लांब शेपटीचा धन चार्जचा रंग एका थेंबानं पसरवायचा, तो पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतो आणि खालून मातीचे थर येऊन त्याला चिकटतात, मग बाजूनं पट्टीनं हळूहळू दाबून दाटी करायची आणि काच उभी वर ओढून तो एकच थर उचलायचा. बेल्जियममध्ये लूवेनला रॉबर्ट स्कूनहाइट यांच्या गटानं असे थर करून त्यातून प्रकाशाची फ्रिक्वेन्सी दुप्पट होते हे दाखवलं, त्यासाठी सगळे रेणू एकाच दिशेला तोंड करून लागतात आणि मातीचा थर ते करायला मदत करतो. आपल्याकडे त्रिपुरा विद्यापीठात सय्यद अर्शद हुसेन आणि त्यांचे सहकारी लॅपोनाइट आणि रंगांच्या अशाच फिल्मवर काम करतात, तुमची पुढे प्रोजेक्टची इच्छा असेल तर त्यांचे पेपर जरूर काढून वाचा.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगतोच, कारण सगळं त्यावर उभं आहे. ऱ्होडामिन ६जी सारखा चमकणारा रंग दाटीनं एकावर एक रचला गेला की त्याची चमक विझते, घेतलेली ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे फिल्ममध्ये रंग जास्त कोंबला तर जास्त चमकेल असं नाही, उलटच होतं. मग दाट भरायचं पण एकमेकांना चिकटू द्यायचं नाही हे कसं जमवायचं? टोकियो मेट्रोपॉलिटन विद्यापीठात शिन्सुके ताकागी आणि हारुओ इनोउए यांनी २००२ च्या सुमारास फार सुंदर उत्तर दिलं. त्यांनी घेतलेल्या कृत्रिम सॅपोनाइटच्या (मॉन्टमोरिलोनाइटच्याच घराण्यातल्या मातीच्या) थरावर दोन ऋण चार्जमधलं सरासरी अंतर साधारण १.२ नॅनोमीटर आहे, तर रेणूही असा निवडायचा की त्याच्या स्वतःच्या धन चार्जमधलं अंतर त्याच्या जवळपास असेल. चार धन चार्जचा पॉर्फिरिन, क्लोरोफिलच्या घराण्यातला वलयासारखा रंगाचा रेणू, त्यात बरोबर बसतो, प्रत्येक चार्ज आपापल्या जागेवर टेकतो आणि रेणूला शेजाऱ्यावर चढायला कारणच उरत नाही. थरावर टेकल्यावर पॉर्फिरिनचे एरवी वळलेले हात सपाट होतात, म्हणून त्याचं शोषण पाण्यातल्या ४२१ नॅनोमीटरवरून ४५० च्या आसपास सरकतं आणि तेवढ्यावरून तो आडवा पडलाय हे कळतं. २०११ मध्ये याच गटानं दोन वेगळे पॉर्फिरिन शेजारी बसवून एकाची ऊर्जा जवळजवळ पूर्ण दुसऱ्याला जाते हे दाखवलं. पानात हेच चालतं, तिथे प्रथिनं क्लोरोफिलला ठराविक अंतरावर धरून ठेवतात, इथे ते काम मातीच्या थरावरचा चार्ज करतोय. माझ्या मते या पूर्ण विषयातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, कारण यानंतर माती म्हणजे रंग ठेवायचं नुसतं भांडं हा समज कुणाला धरता येत नाही.

प्रश्न : आम्हाला एमएस्सीला ऑप्टिकली ॲक्टिव्ह म्हणजे उजवा डावा रेणू, पोलराइज्ड प्रकाश फिरवणारा असं शिकवलंय. मातीचा त्याच्याशी काही संबंध आहे का? — विद्यार्थी, मडगाव

आहे, आणि गंमत म्हणजे माती स्वतः उजवी पण नाही आणि डावी पण नाही. जपानमध्ये अकिहिको यामागिशी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम सुरू केलं. त्यांनी रुथेनियम, लोह अशा धातूला फिनॅन्थ्रोलिन नावाचे तीन सपाट सेंद्रिय रेणू जोडलेले कॉम्प्लेक्स घेतले, तीन पात्यांच्या पंख्यासारखा आकार असतो, त्यामुळे उजवा आणि डावा असे दोन प्रकार होतात. दोन्ही निम्मे निम्मे असलेलं मिश्रण मातीवर सोडलं तर ते मातीच्या चार्जच्या हिशेबापेक्षा जास्त बसतं, जवळपास दुप्पट, कारण उजवा डावा जोडीनं एकमेकांच्या खाचेत नीट बसतात. नुसता उजवाच सोडला तर तशी दाटी जमत नाही. मग त्यांनी उलटा विचार केला, माती आधी एकाच हाताच्या कॉम्प्लेक्सनं भरायची आणि ती उभ्या नळीत भरून तिचा कॉलम करायचा, त्यातून मिश्रण सोडलं की एक प्रकार अडखळतो आणि दुसरा आधी बाहेर येतो. पुढे ही पद्धत कॉलमच्या रूपात बाजारातही आली. तुमच्या सिलॅबसमधल्या रिझोल्युशनच्या (उजवा डावा वेगळा करायच्या) धड्यात हे उदाहरण बसायला हरकत नव्हती.

प्रश्न : रंग ऋण चार्जचा असेल तर मातीत बसणारच नाही ना? — नाव नको

मातीत नाही बसणार. त्याला उलट्या चार्जचे थर लागतात. नॉर्वेतल्या स्नारुमला सापडलेल्या हायड्रोटाल्साइटचं वर्णन १८४२ मध्ये झालं, त्यात मॅग्नेशियमच्या काही जागी अॅल्युमिनियम येतं म्हणून थर धन होतात आणि मधे ऋण आयन राहतात. ॲसिडिटीच्या काही गोळ्यांत हेच असतं. बीजिंगच्या केमिकल टेक्नॉलॉजी विद्यापीठात यात चमकणारे पॉलिमर घालून बऱ्याच फिल्म केल्यात. एक अडचण कायमची, हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनेट होतो आणि तो या थरांत सगळ्यात घट्ट बसतो, म्हणून पाणी उकळून नायट्रोजनखाली काम करावं लागतं.

प्रश्न : आठवी नववीच्या मुलांना हे वर्गात दाखवता येईल असं काही सांगा. आमच्याकडे स्पेक्ट्रोमीटर वगैरे काही नाही. — एक शिक्षक, सातारा जिल्हा

सर, शेतातली काळी माती आहे ना, मग झालं. मत्स्यालयाच्या दुकानात माशांच्या औषधासाठी मिथिलीन ब्ल्यू मिळतं ते घ्या आणि किराणा दुकानातला पिवळा खायचा रंग, ज्यावर टारट्राझिन लिहिलेलं असतं तो. एका ग्लास पाण्यात दोन्ही अगदी थोडे घाला, पारदर्शक हिरवं पाणी झालं पाहिजे, गडद नको. थोडं बाजूला काढून ठेवा तुलनेसाठी. उरलेल्यात वाळवून बारीक केलेली काळी माती दोन चमचे घाला, पाच सात मिनिटं ढवळा, चिमूटभर तुरटी टाका म्हणजे गाळ लवकर बसेल, आणि वरचं पाणी फिल्टर पेपरमधून गाळा. खाली पिवळं पाणी येतं. निळा रंग धन चार्जचा म्हणून मातीनं धरला, पिवळा ऋण म्हणून मातीनं नाकारला. मुलांना आधी विचारा कुठला रंग राहील, मग दाखवा. नंतर तो गाळ साध्या पाण्यानं कितीदा धुवायचा तितका धुवून बघू दे, निळा सुटत नाही. तेच नदीकाठच्या स्वच्छ वाळूवर करून बघा, पाणी हिरवटच राहतं, कारण वाळूच्या कणात थरही नाहीत आणि तसा चार्जही नाही. खताचा अमोनियम आणि पोटॅश काळ्या मातीत का टिकतं आणि नायट्रेट का वाहून जातं हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

फिल्म करायची असेल तर बेंटोनाइट चिमूटभर डिस्टिल्ड पाण्यात हलवून रात्रभर ठेवा, वरचं धुरकट पाणी घ्या. ते दोन बाटल्यांत घालून एकीत डाय अगदी कमी आणि दुसरीत जास्त, मग दोन काचपट्ट्यांवर पसरून धूळ नाही अशा ठिकाणी सपाट वाळवा. खिडकीसमोर धरल्यावर दोन्हींच्या निळ्या जांभळ्या छटांमधला फरक मुलांना नुसत्या डोळ्यानं दिसेल. ग्लोव्हज घाला, हा डाय हाताला आणि गणवेशाला लागला की निघत नाही.

प्रश्न : मेक्सिकोतल्या जुन्या भिंतींवरचा निळा रंग मातीमुळे टिकला असं वाचलं. म्हणजे मातीत बसवला की कुठलाही रंग टिकतो का? — चित्रकार, मुंबई

माया ब्ल्यू म्हणतात तो. नीळ आणि पॅलिगोर्स्काइट नावाची माती एकत्र तापवून केलेला. माया लोकांच्या बोनाम्पाक या जुन्या ठिकाणच्या भिंतीचित्रांत आहे, नायट्रिक ॲसिडनंही जात नाही. पण पॅलिगोर्स्काइटचे थर बेंटोनाइटसारखे उघडत नाहीत, त्यात लांब बारीक पोकळ्या असतात आणि निळीचा रेणू तिथे अडकतो, त्यामुळे पाणी, ॲसिड, हवा त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. कुठलाही रंग कुठल्याही मातीत टिकेल असं मात्र अजिबात नाही. कोरड्या मातीचा पृष्ठभाग चांगलाच आम्लधर्मी असतो आणि तिच्यात लोह असतं, काही रंग त्यावर उलट लवकर खराब होतात. तुमच्या रंगाचं म्हणाल तर पट्टी रंगवा, अर्धी काळ्या कागदानं झाका आणि गच्चीवर महिनाभर ठेवा.

प्रश्न : कपाशीवर फवारलेलं औषध कडक उन्हात निकामी होतं असं कृषी सहायक सांगतात. तुमच्या या मातीचा आणि प्रकाशाचा आम्हाला काही उपयोग? — शेतकरी, यवतमाळ जिल्हा

भाऊ, तुमच्या प्रश्नावर नेमकं काम झालेलं आहे. १९८५ मध्ये इस्राएलमधल्या मार्गुलिस, रोझेन आणि कोहेन यांनी नेचर मासिकात ते छापलं. बायोरेस्मेथ्रिन हे कीटकनाशक उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटतं. त्यांनी मॉन्टमोरिलोनाइटवर आधी मिथिल ग्रीन नावाचा धन चार्जचा रंग बसवला आणि त्याच मातीवर कीटकनाशक चढवलं. ऊन पडल्यावर औषधाचा रेणू ऊर्जा घेतो, पण तुटायच्या आत ती ऊर्जा शेजारी टेकलेल्या रंगाला देऊन टाकतो आणि स्वतः शाबूत राहतो. हे होण्यासाठी दोघं एकमेकांच्या अगदी जवळ पाहिजेत, काही नॅनोमीटरच्या आत, आणि ते जवळ आणायचं काम मातीच्या थरानं केलं. नुसता रंग औषधात कालवला असता तर फवाऱ्यानंतर दोघं पानावर कुठल्या कुठे पडले असते.

हे घरी करायच्या नादाला मात्र लागू नका. पंपात काळी माती किंवा बेंटोनाइट टाकलं तर नोझल तुंबेल हे एक, आणि दुसरं म्हणजे काही औषधं मातीच्या आम्लधर्मी पृष्ठभागावर उलट लवकर तुटतात, काही तिला इतकी घट्ट चिकटतात की किडीपर्यंत पोचतच नाहीत. पॅराक्वाट तणनाशकाचं तसंच होतं, धन चार्ज असल्यामुळे गढूळ पाण्यात कालवलं की मातीच ते खाऊन टाकते आणि तण हिरवंच राहतं. म्हणून पाणी स्वच्छ घ्या, विहिरीचं असलं तरी आधी निवळू द्या, आणि फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर करा.